धसक्याला डोळे नसतात

आमच्या सुसातोके गावात कुणाचं दार कुणी वाजवत नाही. पाहुण्याने रस्त्याच्या वळणापासूनच गाणं सुरू करायचं. आधी गुणगुणत, मग जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने, असं करत अंगणात पोचायचं. गळा कसा आहे हा प्रश्नच नसतो. माझे मेहुणे गात आले की गाई दूध चोरतात, तरी त्यांना 'गप्प येत चला' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. कारण गप्प येऊन एकदम समोर उभं राहणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ खुनाचा प्रयत्न.

हे सगळं धसक्यामुळे. अचानक मोठा आवाज झाला, म्हणजे पातेलं पडलं, फटाका फुटला, गजराचं घड्याळ वाजलं, की गावातली काही माणसं उभ्या जागी कोसळत. काही उठून बसत आणि 'काय झालं?' विचारत. काही उठतच नसत. चांगली धडधाकट, बटाट्याची पोती पाठीवरून वाहणारी माणसं. आमच्या पणज्यांनी ठरवून टाकलं होतं की धसका नावाचं एक काहीतरी डोंगरातून फिरत असतं, आणि त्याला पिराबान घराण्याचं रक्त आवडतं. का आवडतं, ते त्यालाच ठाऊक.

मग गावाने आपली राहणीच बदलली. चर्चची घंटा जुन्या रुआनेत, म्हणजे अंगावर घ्यायच्या लोकरी घोंगडीत, गुंडाळून ठेवली. प्रार्थनेची वेळ झाली की मनोऱ्यावरून पांढरं फडकं हलवतात. ज्याचं तोंड तिकडे असेल तो येतो, ज्याची पाठ असेल त्याला निमित्त मिळतं. गारा वाजतात म्हणून पत्र्याचं छप्पर कुणी घालत नाही. बसवाले खालच्या पुलापासून हॉर्नवरचा हात काढतात.

आणि तेहो! तेहो म्हणजे आमच्या साऱ्या डोंगराळ मुलुखाचा जीव. उतरत्या फळीवर चिकणमाती थापायची, मधोमध लोखंडी कडं पुरायचं, कड्यावर बारुदाच्या तिकोनी पुड्या ठेवायच्या आणि लांबून लोखंडी चकती फेकायची. नेम बसला की धडाम, आणि मग बिअर. नेम चुकला तरी बिअर. गावाचं तेहोचं मैदान माझ्या बिअरच्या दुकानाच्या मागेच आहे, त्यामुळे हा खेळ मला फार उदात्त वाटतो. पण सुसातोकेत पुड्या रिकाम्या. कागद तोच, घडी तीच, आत बारूद नाही. चकती पुडीवर बसली की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात, हलक्या आवाजात म्हणायचं, "बुम."

बाहेरगावचे खेळाडू हे बघून हसून हसून मातीत लोळतात. लोळोत बापडे.

हे 'बुम' सगळ्यांत मन लावून म्हणायच्या त्या अनातिल्देबाई तिबादुईसा. मैदानाच्या कडेला, माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकून, चीजच्या गोल पावांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या. डोक्यावर काळी टोपी, टोपीखालून दोन पांढऱ्या वेण्या, आणि सबंध बाई मिळून माझ्या खांद्याला लागणार नाही एवढी उंची. आयुष्यभर कुजबुजत बोलल्या. पण ती कुजबुज अशी की समोरच्या टेकडीवर मेंढ्या राखणारा माणूस वळून बघेल. "भाऊ, कालची बिअर कोमट होती," असं त्या माझ्या कानाशी म्हणायच्या आणि सगळं मैदान बाटल्या चाचपायला लागायचं.

आमच्याकडे सगळे सगळ्यांना अहोजाहो करतात. नवरा बायकोला करतो, आई मुलाला करते, गाईला हाकतानाही 'चला, मायबाप' म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं फार प्रेमळ गाव आहे. प्रेमळ आहेच, पण 'तुम्ही गाढव आहात' हे वाक्य आदराने म्हटलं की चावा जास्त खोल जातो, हे त्यांना ठाऊक नसतं.

अनातिल्देबाईंचा मुलगा मिसाएल हा आमचा तेहोतला सर्वांत नेमबाज. उंच, खांद्याने रुंद, आणि आपण तिबादुईसा असल्याचा अभिमान तर असा की टोपी घालायला जागा उरत नसे. कारण तिबादुईसांच्या घरात धसक्याने कधीच कुणी पडलं नव्हतं. त्याचा नेहमीचा प्रतिस्पर्धी आकिलीनो पिराबान. म्हणजे धसक्याच्या घरातला. आकिलीनो लहानपणापासून कानात मेंढीच्या लोकरीचे बोळे घालून हिंडायचा. मान आखडून, पावलं जपून टाकत, मांजर दिसलं तरी लांबून वळसा घेऊन.

"या, आकिलीनो, या," मिसाएल म्हणायचा. "आज फुलपाखरं जरा जोरात उडतायत, सांभाळा."

"काय म्हणालात?" आकिलीनो कानाला हात लावायचा.

"म्हटलं, तुमचा नेम चांगला आहे!"

"तुमचं तोंड मात्र वाईट आहे," आकिलीनो शांतपणे म्हणायचा. बोळ्यांतूनही त्याला हवं ते सगळं ऐकू यायचं.

आता जी गोष्ट सांगतो ती तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. एका अनातिल्देबाईंना होती, आणि त्यांनी ती पोटात ठेवली होती.

गावात एक जुनी रीत होती. एखाद्या घरातलं मूल धसक्याने गेलं, की त्यानंतर जन्माला येणारं बाळ त्या घरात ठेवायचं नाही. दाई ते बाळ दारातून नव्हे, खिडकीतून बाहेर द्यायची. बाहेर धर्ममाता उभी असायची. ती ते रुआनेखाली घ्यायची, घरी न्यायची आणि आपलं आडनाव लावून वाढवायची. धसका पिराबानांचं पोर शोधत यायचा तेव्हा त्याला पिराबान सापडायचाच नाही! युक्तीची एकच अट होती. ही गोष्ट पुन्हा कधीही तोंडातून काढायची नाही, कारण धसक्याचे कान तिखट असतात. नाव उच्चारलं की त्याला पत्ता मिळालाच. अशी रीत पूर्वी होती एवढं आम्ही ऐकून होतो. पण कुणाचं पोर कुणाच्या घरात गेलं, हे विचारणं म्हणजे भर जत्रेत बंदूक उडवण्यासारखं.

आकिलीनोची आई बेलार्मिना पिराबान. तिचं पहिलं मूल धसक्याने गेलं. दुसरं खिडकीतून बाहेर आलं आणि बाहेर उभ्या होत्या तरुण अनातिल्दे, ज्यांच्या घरी पाळणा कधी हलला नव्हता. तो मिसाएल. त्यानंतर झालेला आकिलीनो मात्र घरातच राहिला. पुढे कितीतरी वर्षं बेलार्मिना दर शनिवारी अनातिल्देबाईंकडे पाव घ्यायला यायची. आमच्या गावात पाव घरोघरी भाजतात, विकत घ्यायला कुणाच्या घरी जायचं काही कारण नाही. ती यायची, टोपलीत पाव भरून घ्यायची, आणि अनातिल्देबाई हाक मारायच्या, "मिसाएल, या मावशींची टोपली वळणापर्यंत नेऊन द्या हो." एवढंच. वळणापर्यंत जाताना बेलार्मिना त्याच्याशी काय बोलायची हे मी एकदा मिसाएलला विचारलं. म्हणाला, "काही नाही. हळू चालायची फक्त."

बेलार्मिना म्हातारी होऊन गेली. तिच्या घरचं गुपित आता एका बाईच्या पोटात उरलं.

आणि मग निदिया पडली.

निदिया मिसाएलची एकुलती मुलगी. जिल्ह्याच्या गावी राहून शाळेचं शेवटचं वर्ष करत होती. तिथे सुट्टीची घंटा वाजली आणि ती जिन्यावरच कोसळली. तिकडच्या दवाखान्याने सांगितलं, फिट आहे. फिटचं औषध दिलं. त्या औषधाने पोरगी दिवसभर पेंगायची. मिसाएल तिला घरी घेऊन आला, तर एके सकाळी स्वयंपाकघरात पाव भाजायचा लोखंडी पत्रा फरशीवर पडला आणि निदिया पुन्हा खाली. या वेळी शुद्धीवर यायला इतका वेळ लागला की पाद्रीबाबांना बोलवायला माणूस धावला होता. धावला म्हणजे, गात गात धावला.

"उपाशी होती," मिसाएल सगळ्यांना सांगत सुटला. "सकाळचं दुधाचं सूप प्यायली नव्हती. आजकालच्या पोरी! तिबादुईसा आहे ती, तिला धसका कशाने होईल?"

अनातिल्देबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी टोपलीतला एक पाव उचलला, पाहिला, परत ठेवला. त्या दिवशी कुणाच्याही चकतीला त्यांनी 'बुम' म्हटलं नाही.

याच सुमारास डॉक्टर येसेनिया उमान्या गावात आल्या. मोटारसायकलवरून. चौकात शिरताना त्या मोटारसायकलने दोन फटाके काढले, आणि सबंध गाव बाहेर येऊन त्यांना कुजबुजत शिव्या द्यायला लागलं. आदरार्थी शिव्या, आणि त्याही दबक्या आवाजात! बाई हेल्मेट काढून बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशीपासून त्या गाडी पुलाशी लावून चालत यायला लागल्या. वळणापासून गाणं म्हणत. आवाज माझ्या मेहुण्यांसारखाच. तेव्हाच गावाने त्यांना आपलं मानलं.

राजधानीच्या विद्यापीठातून त्या आमचं रक्त घ्यायला आल्या होत्या. रक्तात काय बघणार, हे त्यांनी मैदानात बसून बायकांना समजावलं, ते मलाही समजलं म्हणजे तुम्हाला समजेलच.

"तुमची रुआना कुणी शिकवली विणायला?" त्यांनी विचारलं.

"आईने."

"आणि आईला तिच्या आईने. समजा, फार पूर्वी या डोंगरात पहिल्यांदा आलेल्या एका बाईच्या विणीत एक टाका चुकला. तिच्याकडे बघून जी जी शिकली, तिने तिने तोच चुकीचा टाका उचलला. गावात बाहेरून फारसं कुणी आलं नाही, त्यामुळे तो टाका इथल्या इथेच फिरत राहिला. धसका म्हणजे तो टाका. हृदयाचे ठोके सावरणाऱ्या विणीत कुठेतरी आहे. पण रुआना केवढी मोठी! शोधायचा कसा?"

"उसवून," एक आजी म्हणाल्या.

"नाही हो. शेजारी शेजारी ठेवून. प्रत्येक मूल अर्धी लोकर आईकडून घेतं, अर्धी बापाकडून. त्यामुळे जे पडले त्यांच्या रुआनांमध्ये बाकी सगळं वेगवेगळं असेल, पण चुकलेल्या टाक्याभोवतीचा तुकडा सारखा निघेल. जे पडत नाहीत त्यांच्यात तो नसेल. जितक्या जास्त रुआना, तितका तुकडा लहान होत जातो, आणि शेवटी टाका सापडतो. तो सापडला की कुणाच्या अंगात तो आहे हे पडायच्या आधीच कळेल. हृदयाला दचकू न देणारी गोळी आहे, ती जुनीच आहे. फक्त कुणाला द्यायची ते कळत नाही."

"आणि कुणी भलतीच रुआना भलत्या ढिगात टाकली तर?" अनातिल्देबाईंनी विचारलं. टेकडीवरचा मेंढपाळ वळला.

"मग मी जन्मभर शोधत बसेन, आजी."

अनातिल्देबाईंनी टोपलीवर फडकं ओढून पाव झाकले.

पिराबानांनी रक्त दिलं. तिबादुईसांनी नाही. "रक्त दिलं म्हणजे कबूल केलं," मिसाएल म्हणाला. "आमचं घर स्वच्छ आहे. स्वच्छ घरात सुई कशाला?" त्याच्यामागे सगळे तिबादुईसा हाताची घडी घालून उभे.

निदियाच्या छातीला तारा लावून डॉक्टरीणबाईंनी तिच्या हृदयाची रेघ काढली. ती नेमकी काठावर आली. हो म्हणावं तर हो, नाही म्हणावं तर नाही. बाईंनी मिसाएलला बाजूला घेतलं. मी बाटल्या पुसत होतो, आणि बाटल्या पुसणाऱ्याच्या कानात बोळे नसतात.

"ही पिराबान असती तर मी आजच गोळी सुरू केली असती," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या घरात कधीच कुणी पडलेलं नाही. मग तिकडचं फिटचं औषध मी कशाच्या जोरावर बंद करू? निदान तिचं रक्त घेऊ द्या."

"नाही."

"ती पुन्हा पडली तर?"

 घाबरला होता तो. पण अभिमान हा माणूस घाबरला की आणखीच ताठ होतो. "सूप पाजतो आहे मी तिला," एवढंच म्हणाला.

भिंतीशी अनातिल्देबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बोलावं, तर धसका ऐकणार आणि मुलगा जाणार, अशी त्यांची पक्की खात्री. न बोलावं, तर नात जाणार. त्या आठवड्यात त्यांचे पाव पहिल्यांदाच करपले. करपलेले पाव त्यांनी तसेच विकले आणि कुणाची तक्रार करायची हिंमत झाली नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव मैदानात जमलं. डॉक्टरीणबाईंना गावाचा वंशवृक्ष मांडायचा होता. आधी त्यांनी कागद काढला, पण प्रत्येक जण बोट ठेवून 'ते आमचे काका नव्हेत, ते काकूचे भाऊ' असं सांगायला लागला आणि कागदाचा पार लगदा झाला. शेवटी मी बाटल्यांच्या झाकणांची पेटी आणली. माझं आयुष्यभराचं संचित. पिवळी झाकणं पुरुषांची, पांढरी बायकांची, धसक्याने गेलेल्याचं किंवा पडलेल्याचं झाकण उलटं. तेहोच्या ओल्या मातीत ती छान रुतून बसतात. गावाला हा खेळ भलताच आवडला. सकाळभर भांडणं आणि झाकणं! मैदानाच्या डावीकडे पिराबान, उजवीकडे तिबादुईसा, मध्ये इतर घरं.

मांडून झालं तेव्हा डावीकडे उलटी झाकणंच झाकणं. उजवीकडे सगळी सुलटी, उन्हात चमकणारी. फक्त तळाशी निदियाचं पांढरं झाकण, त्यावरून वाद चालला होता. मिसाएलने ते सुलटं ठेवलेलं. आणि मधल्या घरांमध्येही इकडे एक, तिकडे एक अशी उलटी झाकणं विखुरलेली, ज्यांचा कुणाशी काही मेळ बसेना.

"हे एक दुखणं नाही," डॉक्टरीणबाई कपाळ चोळत म्हणाल्या. "दोन असतील, तीन असतील. असं झाड मी पाहिलेलं नाही. कुठेतरी काहीतरी चुकलंय. कुठे, ते मी विचारू शकत नाही. घरातल्या गोष्टी घरातल्यांनी आपणहून सांगितल्या तरच मी ऐकायच्या, असा आमचा नियम आहे."

"चुकलंय ते पिराबानांकडे," मिसाएल म्हणाला. "आमची ओळ बघा कशी झळकतेय!"

"झाकणं झळकतात हो," आकिलीनो म्हणाला. "आतली बिअर कुणी पाहिलीय?"

लोक हळूहळू, चढत्या आवाजात हसले. आणि त्या हसण्यात अनातिल्देबाई उठल्या.

टोपली खाली ठेवली. गुडघे वाजले, तेवढाच आवाज. झाकणांच्या मधून, एकही न हलवता, त्या तिबादुईसांच्या ओळीशी गेल्या, स्वतःच्या पांढऱ्या झाकणाखालचं मिसाएलचं पिवळं झाकण उचललं आणि रुआनेच्या टोकाला पुसलं. मग सगळं मैदान ओलांडून डावीकडे आल्या. बेलार्मिना पिराबानच्या झाकणाखाली, गेलेल्या मुलाच्या आणि आकिलीनोच्या मधे जी जागा होती, तिथे ते ठेवलं आणि अंगठ्याने मातीत दाबलं. परत गेल्या. निदियाचं झाकण आणलं, मिसाएलच्या खाली ठेवलं. उलटं.

मग आमच्याकडे वळल्या. डोंगराकडे बोट दाखवलं, स्वतःच्या कानाला हात लावला आणि ओठांवर बोट ठेवलं. नंतर पुन्हा डोंगराकडे बोट दाखवून स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि नकारार्थी हलवला.

मला एकदम उमगलं. धसक्याला कान आहेत. डोळे नाहीत! बाईंनी एक शब्दही उच्चारला नव्हता. त्याला काय कळणार?

 आणि मग पलीकडून पाद्रीबाबांची स्वयंपाकीण उठली, ऐंशी ओलांडलेली. तिने मधल्या घरातलं एक झाकण उचललं आणि डावीकडे नेऊन ठेवलं. मग न्हाव्याची आई. मग आणखी एक आजी, काठी टेकत. तिला वाकता येईना, म्हणून तिने काठीने झाकण ढकलत नेलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. काळ्या टोप्यांच्या म्हाताऱ्या तेहोच्या मातीत झाकणं हलवत होत्या, आणि आम्ही सगळी मोठी झालेली पोरं तोंडं उघडी टाकून आपण कुठून कुठे जातोय ते बघत होतो. माझ्या मेहुण्यांचंही झाकण हललं. मला आतून आनंद झाला, पण ते फक्त शेजारच्या घरात गेले.

संपलं तेव्हा डॉक्टरीणबाई मातीत गुडघ्यांवर बसल्या होत्या. मधली विखुरलेली उलटी झाकणं कुठेच उरली नव्हती. सगळी एकाच झाडावर, आजीकडून आईकडे, आईकडून लेकाकडे, अशी ओघळत आलेली. अगदी वर, सगळ्यांच्या माथ्यावर, एकच जोडपं. "एकच आहे," त्या पुटपुटल्या. "एकच टाका." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड हसत होतं.

मिसाएल बिअरच्या पेटीवर बसला होता. त्याची नजर आईकडे, मग झाकणाकडे, मग पुन्हा आईकडे. अनातिल्देबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. इतकी वर्षं सांभाळलेला मुलगा आपल्या हाताने दुसऱ्याच्या ओळीत ठेवून आल्या होत्या. 

मिसाएल उठला. त्याने अनातिल्देबाईंचं पांढरं झाकण उजवीकडून उपटलं, डावीकडे आणलं, आणि बेलार्मिनाच्या झाकणाला अगदी चिकटून, आपल्या झाकणाच्या डोक्यावर ठेवलं.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला. "मला आया दोन होत्या. डॉक्टरीणबाई, तुमच्या झाडाला चालेल ना?"

"पळेल," बाई म्हणाल्या.

मग तो आकिलीनोकडे वळला. "म्हणजे हे गाढव माझे धाकटे भाऊ?"

आकिलीनोने सावकाश एका कानातला बोळा काढला. "गाढव तुम्ही आहात," तो म्हणाला. आणि जरा थांबून, जन्मात पहिल्यांदा, "दादा."

मिसाएलने बाही वर सरकवली. "घ्या रक्त. आधी माझं, मग पोरीचं."

त्याच दुपारी निदियाला दचकू न देणारी गोळी सुरू झाली. फिटचं औषधही डॉक्टरीणबाईंनीच हळूहळू उतरवत बंद केलं, आणि पोरगी पेंगायची थांबली. तिबादुईसा, मधली घरं, सगळ्यांनी रक्त दिलं. रांग एवढी लागली की मी दिवसाच्या शेवटी बिअर मोफत वाटली. ही गोष्ट घरी बोलू नका.

बटाट्याचं पीक निघालं, पुढचं लावलं गेलं, तेव्हा एका सकाळी वळणावरून तो भयंकर गाण्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई! मैदानात आल्या, धापा टाकत.

"सापडला," त्या म्हणाल्या. "टाका सापडला. सबंध रुआनेत तेवढा एक. ज्यांची ज्यांची झाकणं उलटी होती त्या सगळ्यांच्यात आहे. जे नाही पडले त्यांच्यातल्याही काहींच्यात आहे, ते अजून दचकले नाहीत एवढंच. त्यांनाही गोळी मिळणार. आता इथे कुणी न कळता जाणार नाही."

टाळ्या वाजवायची आम्हाला सवय नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळ्या गावाने, पिराबान आणि तिबादुईसा, एका सुरात, हलकेच म्हटलं, "बुम."

कोणात आहे, कोणात नाही, हे बाईंनी ज्याला त्याला एकट्याला सांगितलं. गावात ते गुपित दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं. निदियात होता. मिसाएलमध्ये होता, इतकी वर्षं, छाती पुढे काढून मिरवत होता तेव्हाही. आणि आकिलीनोत नव्हता! जन्मभर मांजराला वळसे घालणाऱ्या, कानात लोकर कोंबून जगलेल्या आकिलीनोत टाक्याचा मागमूस नाही.

तो माझ्या दुकानात आला, दोन्ही बोळे काढून गल्ल्याजवळ ठेवले. "हे तुम्हीच ठेवा," म्हणाला. "तुमचे मेहुणे येतात."

मग त्याने एकच गोष्ट मागितली. बारूद. आमच्या मैदानात नव्हे, ते कधीच होणार नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय की गोळी असली तरी मोठा आवाज टाळायचाच. पण खोऱ्याच्या स्पर्धेत, जिथे सुसातोकेला कुणी बोलवतही नसे, तिथे आता टाका नसलेल्यांचा संघ जाऊ शकत होता. आकिलीनो पुढे. शिकवायला मिसाएल. शिकवून झाल्यावर मात्र त्याला टेकडीपलीकडे मेंढ्यांजवळ बसवलं, कानात आकिलीनोचेच बोळे घालून.

"खांदा सैल ठेवा," मिसाएल जाता जाता ओरडत होता. "आणि फुलपाखरांना घाबरू नका!"

बाहेरगावचे खेळाडू आमच्याकडे बघून तोंडाने 'बुम, बुम' करत होते. पण जन्मभर आवाजाशिवाय खेळलेल्या माणसाचं लक्ष धुराकडे जात नाही, नुसतं कड्याकडे असतं. आकिलीनोने चकती सोडली. डोंगर हादरेल असा धडाका झाला. आणि आकिलीनो पिराबान उभा होता! धुराने काळा, मातीने माखलेला, दात काढून हसत उभा! चषक आला तो आता माझ्या दुकानात आहे. त्यात बिअर मावते, तपासून पाहिलंय.

एवढं सगळं झालं तरी अनातिल्देबाई मिसाएलला नुसतं 'मिसाएल' म्हणायच्या. पुढचं आडनाव नाही. कुणी विचारलं तर ओठांवर बोट ठेवून डोंगराकडे बघायच्या.

"आजी, गोळी आहे आता," निदिया सांगायची.

"गोळी हृदयाला आहे," त्या म्हणायच्या. "त्याच्या कानांना कुठे आहे?"

मग सान इसिद्रोचा, शेतकऱ्यांच्या संताचा, सण आला. सगळे मैदानात होतो. मिसाएल आणि आकिलीनो रिकाम्या पुड्यांवर नेम धरून एकमेकांची अब्रू काढत होते. निदिया राजधानीला शिकायला जाणार होती, तिची ट्रंक माझ्या दुकानात बांधून ठेवलेली. आणि वळणावरून गाणं ऐकू आलं. आधी गुणगुण. रीतीप्रमाणे. मग जरा वर. अनातिल्देबाई सुपाचं भांडं दोन्ही हातांत धरून येत होत्या आणि गात होत्या. गाण्यात शब्द दोनच होते.

"मिसाएल पिराबान... मिसाएल पिराबान..."

आवाज चढत गेला. कुजबुजण्यात आयुष्य गेलेल्या त्या एवढ्याशा बाईच्या गळ्यात हे सगळं कुठे साठवलेलं होतं देव जाणे. मैदानाशी पोचल्या तेव्हा चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली, गुंडाळलेली घंटासुद्धा रुआनेच्या आत घुमली असेल. मेंढपाळ टेकडीवरून खाली पळत आला. बाई डोंगराकडे तोंड करून, हवं तर ऐक, अशा थाटात, पूर्ण गळ्याने गात होत्या, "मिसाएल पिराबा-आ-आन!"

थांबल्या. आम्ही सगळे मिसाएलकडे बघत होतो. तो छातीवर हात ठेवून उभा. अनातिल्देबाईंच्या हातातलं भांडं किंचित कललं.

"आई," मिसाएल म्हणाला, "नाव बरोबर आहे, पण सूर पार गेलाय. आणि डॉक्टरीणबाईंनी मला मोठ्या आवाजाला मनाई केलीय, विसरलात?"

"मग या की लवकर!" अनातिल्देबाई ओरडल्या. "सूप गार होतंय!"

आणि आम्ही सगळे, सवयीने, एका सुरात म्हणालो, "बुम."